बसायला काय लागतं?

खाली बसायच्या आधी नाना दोन्ही गुडघ्यांवर हलकी थाप मारायचे. गाडीला जुंपताना आपण बैलाच्या पाठीवर मारतो ना, तशी. आणि म्हणायचे, "चला रे भाऊ." मग बसायचे. उठताना थाप नाही, शब्द नाही. उठताना नुसता चेहरा बारीक व्हायचा.

पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा मला वाटलं मलाच बोलावताहेत. मी लगबगीनं त्यांच्या मागं गेलो. ते खाली बसले आणि मी त्यांच्या डोक्यावरून पुढं जाऊन पडलो. आमची ओळख झाली ती अशी.

ही जळगावच्या एका जिनातली गोष्ट. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची वर्षं. गाड्या भरभरून कापूस यायचा, सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधून रेल्वेनं मुंबईला जायच्या. मी तिथं हमाल होतो. शाळेशी माझा संबंध एवढाच, की कौलं शाकारायला एकदा शाळेवर चढलो आणि थेट मास्तरांच्या टेबलावर उतरलो. मास्तर म्हणाले, "आलास एकदाचा!" तेवढीच माझी हजेरी. असल्या माणसाला ओझ्याशिवाय कोण काय देणार? नाना माझ्याहून पुष्कळ मोठे. ते तेलवाले. लांब नळीचा डबा घेऊन दिवसभर यंत्रांना तेल देत फिरायचे.

पण नानांची खरी ओळख वेगळी होती. ते आमच्या साहेबाच्या टीमचे विकेटकीपर होते.

हसू नका. जिनाच्या मॅनेजर साहेबाला क्रिकेटचं वेड होतं. मेहरूणच्या तळ्याच्या बाजूला एक माळ साफ करून घेतला होता. जिनातलेच कारकून, फिटर, तोलणारे धरून त्यानं टीम उभी केली होती. जमिनीवर काथ्याची लांब चटई अंथरायची, कडेनं खिळे ठोकायचे आणि तिच्यावर खेळायचं. ते खिळे ठोकायचं काम माझं. म्हणून मला सगळे चटईवाला म्हणत. एखादा गडी कमी पडला तर मलाही उभं करत, पण अशा जागी की चेंडू यायची भीती नको. तरी यायचा. आणि माझ्या दोन पायांमधून पुढं जायचा.

आता यात एक गोम होती, ती सांगतो. जीन दिवाळीला सुरू व्हायचं आणि ऊन तापलं की बंद. बंद झालं की माणसं आपापल्या गावी. पण टीममध्ये खेळणाऱ्यांना साहेब बारमाही ठेवायचा. यंत्रं पूस, गोदाम झाड, काहीही कर, पण पगार चालू. नानांचं गाव दोंडाईच्याच्या पुढं, तिथं पावसावरचा एक तुकडा. नानांना जळगावात बारा महिने ठेवत होते ते त्यांचे गुडघे. गुडघे गेले की बारमाही गेलं. हे त्यांना जेवढं पक्कं ठाऊक होतं तेवढं त्यांना दुसरं काहीच ठाऊक नव्हतं.

कीपरचं काम तुम्ही पाहिलं असेल. प्रत्येक चेंडूला खाली बसायचं, प्रत्येक चेंडूला उठायचं. सकाळी सुरू झालं की सूर्य कलेपर्यंत तेच. नाना म्हणत, देवानं प्रत्येक माणसाच्या गुडघ्यात बसणं भरून पाठवलंय. कणगीतल्या दाण्यासारखं. उपसलं की संपणार. म्हणून मैदान सोडून ते कुठंच उकिडवे बसत नसत.

आणि आपल्याकडे तर सगळंच उकिडवं. विडी ओढायची तर उकिडवं, गप्पा मारायच्या तर उकिडवं, गाडीची वाट पाहायची तर फलाटावर उकिडवं. आम्ही बठ्ठे, म्हणजे सगळेच, भिंतीला रांगेनं बसायचो आणि नाना एकटे उभे, बगळ्यासारखे. यंत्राच्या खाली तेल द्यायचं असलं तर ते पोटावर आडवे व्हायचे आणि सरडा सरकतो तसे आत सरकायचे. बाहेर आले की छातीपासून पायापर्यंत काळे.

मी म्हणायचो, "नाना, कपडे धुवायला वहिनींना किती त्रास! बसा ना जरा."

"कपडा धुवाई जास," नाना म्हणायचे. "गुडघा धुईसन नवा व्हस का?"

आणि मी टाकी भरताना, झाडताना उगाच बसून काम करायला लागलो की मागून हाक यायचीच, "ए चटईवाल्या, बठ्ठं बसणं एकच दिवसमा खर्ची टाकू नको रे!"

एकदा त्यांच्या मेव्हण्याच्या लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेलो. जेवायला बोलावणं नव्हतं, पण मी असल्या गोष्टी मनावर घेत नाही. पंगत बसली. सगळे मांडी घालून. नानांनी दोन्ही पाय समोर सरळ सोडले, पत्रावळ मांडीवर घेतली. समोरच्या रांगेत त्यांचे सासरे. जावयाचे तळवे थेट सासऱ्याच्या वरणबट्टीकडे! सासरे ताटावरून उठायला निघाले. वहिनी धावत आल्या.

"अहो, पाय तरी आवरा! माय-बाप देखी राहिनात."

"देखू दे. पाय धुयेल शेत."

"लोक काय म्हणतील?"

"म्हनो. रविवारनी मॅचमा भुसावळवालास्ना सामने कोण बसाव शे? तुना बाप?"

ते सासऱ्यांना ऐकू गेलं. त्यानंतर वहिनींचं माहेर तुटल्यासारखंच झालं. वहिनी रडल्या, पण घरी आल्यावर गरम तेल करून त्यांनी त्याच गुडघ्यांना चोळलं. मी दारात उभा राहून बट्टी खात होतो. लग्नातून बांधून आणली होती.

हळूहळू गुडघे वाजायला लागले. खाली बसताना कट्, उठताना कट्. तेव्हा नानांनी एक युक्ती केली. लुगड्याच्या फडक्यात रुई भरून दोन जाड वळकट्या शिवून घेतल्या आणि मागून पोटऱ्यांवर, गुडघ्याच्या खाली बांधल्या. बसलं की मांडी त्या वळकटीवर टेकायची, गुडघा पुरता दुमडायचाच नाही. पहिल्या दिवशी मैदानात सगळे हसले. मी म्हणालो, "नाना, पोटऱ्यांना दिवस गेले का?" पण त्या दिवशी संध्याकाळी नाना ताठ चालत घरी गेले. वाटेत मला म्हणाले, "चटईवाल्या, हाई जमनं तर अजून पाच-सहा सालनी चिंता नई."

हे त्यांनी असं सांगितलं जसं कुणी मुलीचं लग्न ठरल्याचं सांगावं.

ते सुख संक्रांतीपर्यंत टिकलं. रुई दबून गेली म्हणून नानांनी जिनात जमिनीवर सांडलेली, तेलकट, गाठीत न घेण्यासारखी रुई भरून नव्या वळकट्या केल्या, आणि सुटीच्या भोंग्याला बांधूनच निघाले. फाटकावर झडती असायची. मुकादमानं पोटरीवर हात ठेवला.

"काय नाना, भलतंच बाळसं धरलंय!"

"कचरा रुई शे मुकादम. झाडूनी."

"रुई ती रुई. सोडा."

"दोन मुठी..."

"नाना, तुम्हाला सोडलं तर उद्या बाया लुगड्यात गाठी बांधून नेतील. माझी नोकरी जाईल. सोडा."

आमच्या मागं अंगणात रुईचे ढीग लागले होते, घराएवढे. नानांनी फाटकात उभ्या उभ्या पाय वर करून वळकट्या सोडल्या. मुकादमानं त्या हातात घेतल्या आणि ढिगावर भिरकावल्या. कुठं पडल्या ते दिसलंसुद्धा नाही.

साहेबाकडे जा, असं मी म्हणालो. नाना गेलेही. साहेब म्हणाला, "कीपरला पुढून पॅड दिले आहेत, विलायती. मागून कसला चेंडू लागतो तुला?" मग नानांनी चिंध्या आणि गोणपाट भरून पाहिलं. चिंध्या चपट्या व्हायच्या, गोणपाटानं कातडी सोलायची. शेवटी काही न बांधताच बसायला लागले.

त्याच साली साहेबानं चांदीचा कप लावला. सलग तीन दिवस सामने. पहिल्या दिवशी धुळ्याचे वकील. वकिलांना आऊट करणं म्हणजे काय, विचारू नका. देवपूरचा एक जाडा वकील होता, तो आऊट झाला की अंपायरशी वाद घालायचा आणि दरवेळी जिंकायचा. दिवसभर खेळला. दिवसभर नाना खाली-वर, खाली-वर. संध्याकाळी आम्ही जिंकलो, पण नाना चटईच्या टोकाला हात टेकून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे सुजून गुळाच्या ढेपेसारखे झाले होते. मी खिळे तपासत होतो. नाना साहेबाच्या खुर्चीपाशी गेले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, आजना दिन माले लांब कोठेतरी उभा करा. पळसू. मांगे बसनं तेवढं नको. उद्या भुसावळवाले शेत, उद्या बसस."

"आणि आज कीपर कोण? हा?" साहेबानं माझ्याकडे बोट केलं. सगळे हसले. मी पण हसलो. साहेब बोलला की हसायचं, हा पगाराचाच भाग होता.

"एकच दिन, साहेब."

साहेब रागावला नाही. समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "अरे, पळतात ते बाकीचे. बॉल टाकतात ते बाकीचे. तू तर नुसता बसतोस. बसायला काय लागतं?"

नानांनी टोपी घातली. स्टंपांच्या मागं गेले, गुडघ्यांवर थाप मारली. "चला रे भाऊ" असं त्या दिवशी म्हणाले नाहीत.

तोही सामना आम्ही काढला. तिसऱ्या दिवशी भुसावळचे रेल्वेवाले. त्यात दोन-तीन गोरे गार्ड होते, उन्हानं लाल झालेले. माळावर ही गर्दी! टांगे, बैलगाड्या, भरीत-भाकरी बांधून आलेले लोक. ऊन कलायला आलं तेव्हा त्यांचा शेवटचा गडी खेळत होता आणि त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या. आमच्या बॉलरनं टाकला. गोऱ्यानं बॅट घातली. चेंडू बॅटच्या कडेला घासून मागं खाली गेला, अगदी जमिनीलगत. नानांनी बसल्या बसल्या डावा हात लांब केला आणि चेंडू धरला.

मग काय विचारता! सगळे धावले. कप साहेबाच्या हातात, साहेब लोकांच्या खांद्यावर, टोप्या हवेत. ढोल लागला. मिरवणूक गावाकडे निघाली. मला कुणी खांद्यावर घेईना म्हणून मीच एका बैलगाडीवर चढलो. बैल बुजले आणि मी चिखलात पडलो. मेहरूणच्या तळ्याकाठी चिखल बाराही महिने असतो.

चिखल पुसत परत आलो, कारण चटई काढायची राहिली होती. माळ रिकामा झाला होता. आणि चटईच्या टोकाला, तीन दांडक्यांच्या मागं, नाना तसेच बसलेले. हातात चेंडू.

"नाना, आपण जिंकलो की!"

"देखं मी."

"मग उठा ना. चटई गुंडाळायचीय."

"तू काढ. मना बाजूना खिळा शेवट काढजो."

मी एकेक खिळा काढत गेलो. पलीकडची बाजू, मग मधली. मी मुद्दाम वेळ लावत होतो, तरी चटई ती केवढीशी. शेवटी मी त्यांच्यापाशी आलो. ते माझ्याकडे बघत नव्हते. कपाळावरून घाम ओघळत होता. मी काखेत हात घालून उचलायला गेलो तर ते ओरडले. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी घाबरून सोडलं आणि मीच मागं बसलो. मग दोघंही बसलेले, समोरासमोर, त्या रिकाम्या माळावर. मी काहीतरी विनोद करणार होतो. सुचला नाही.

अखेर चटई त्यांच्याखाली सारली, सरपणवाल्याची गाडी आणली आणि चटईसकट त्यांना गाडीत ठेवलं. बसलेले होते तसेच. घरी वहिनींनी दार उघडलं. त्यांनी आधी तेल तापत टाकलं.

हाडवैद्य झाला, एरंडाची पानं झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, "यापुढं उकिडवं बसू नका." नाना म्हणाले, "डाक्टरसाहेब, हाईच तर मी साऱ्या गावले सांगी राहिंतू." उजवा पाय थोडा सुटला, डावा वाकलेलाच राहिला. काठी आली. तरी ते कामावर येत. तेल देत. पोटावर झोपून देत आणि मी पाय धरून बाहेर ओढत असे.

जीन बंद व्हायचा दिवस आला. त्या दिवशीची रीत अशी की सगळ्यांनी अंगणात उकिडवं बसायचं. बारमाही राहणाऱ्यांची नावं मुकादम घ्यायचा. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून ऑफिसच्या ओट्याजवळ जायचं. बाकीच्यांनी फाटकाकडे. आम्ही बठ्ठे बसलो. नाना मागं भिंतीला काठी धरून उभे. फिटर उठला, तोलणारा उठला, कारकून उठले. मग मुकादम म्हणाला, "चटईवाला."

मला वाटलं माझी मस्करी करताहेत. मी इतक्या घाईनं उठलो की धोतर पायाखाली आलं, सुटलं आणि मी सगळ्यांसमोर ते धरून ओट्याकडे पळालो. माणसं पोट धरून हसली.

नावं संपली. नाना तसेच उभे. काठी पुढं टेकून म्हणाले, "मुकादम, मनं नाव?"

मुकादमानं साहेबाच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत साहेब नव्हता. मग खाली बघत म्हणाला, "नाना, ज्याचं नाव घेतलं तो उठला. तुम्ही तर बसलाच नव्हता."

काहीजण त्यालाही हसले. मी ओट्यावर धोतर नेसत होतो.

मला का ठेवलं ते नंतर कळलं. रविवारी साहेबानं मला स्टंपांच्या मागं बसवलं. बाकी कुणी तयार नव्हतं आणि माझे गुडघे गाढवासारखे धड होते. मी पॅड उलटे बांधले होते. तेवढ्यात काठी टेकत नाना आले. गावी जायची गाडी दुपारची होती, वहिनी सामान घेऊन स्टेशनावर बसल्या होत्या. नानांनी माझे पॅड सोडले, सरळ बांधले. मग खिशातून त्या चिंध्यांच्या वळकट्या काढून माझ्या पोटऱ्यांवर बांधायला लागले. त्यांना वाकता येईना, म्हणून मी एकेक पाय बाकावर ठेवला.

"अर्धाच बस. बॉलर पळाले लागना का मंग बस. आधी नको."

"नाना, माझ्यावर राग..."

"तुनावर?" ते हसले. "तुना हातमा काय बॉल येवाव नई. गुडघा तरी वाचाड."

आणि गेले. चेंडू माझ्या हातात खरंच आले नाहीत. माझ्यामागं कुंपण नव्हतं, चेंडू तळ्यात जायचे आणि तेही मीच काढायचे. दोन हंगाम असे गेले. मग साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाला खेळाची आवड नव्हती. चटई उंदरांनी खाल्ली. कप ऑफिसात राहिला, त्यात कारकून टाक ठेवायचे. बारमाही सगळेच गेले, मीही गेलो.

कामाच्या शोधात दोंडाईच्याला गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. अंगणात लाल मिरच्या पसरल्या होत्या आणि वहिनी एकट्याच बसून देठ खुडत होत्या. त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि विचारायचं काही राहिलं नाही.

वहिनी देठ खुडता खुडताच बोलल्या. गावात नानांना काम मिळालं नाही. निंदणी बसून, मिरची तोडणं बसून, खुडणं बसून. उभ्यानं करायचं काम एकच, पाखरं हाकायचं. ते केलं. मग खाटेवर पडले ते उठले नाहीत. पडून पडून दोन्ही गुडघे पोटाकडे आखडत गेले. थंडीत गेले.

तिरडीवर ठेवलं तर गुडघे वर उभेच. बांधता येईनात. चौघं जण जोर लावून दाबायला लागले.

"मी म्हनी, हळू दाबा रे भाऊ, गुडघा दुखतस त्यासना," वहिनी म्हणाल्या. "तं एक जन म्हने, वहिनी, आते नई दुखतस."

त्यांनी हातातली मिरची टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा भाऊ. त्याले काय मालूम?"